पाळी सुटल्यावरची शाळा

इन्सुली हे नाव कोकणाबाहेरच्या माणसाला माहीत असते ते तपासणी नाक्यामुळे. गोव्याहून परतताना राज्य उत्पादन शुल्क खात्याची माणसे गाडीची डिकी उघडायला लावतात, तेच हे गाव. सावंतवाडी तालुक्यातले, बांद्याजवळचे, मुंबई-गोवा महामार्गावरचे. वर्तमानपत्रात इन्सुलीची बातमी येते ती बहुधा पकडलेल्या दारूची. त्याच रस्त्याने रोज पहाटे उलट दिशेला जी माणसे जातात, त्यांची बातमी होत नाही. पायात सेफ्टी शूज, पाठीला सॅक, सॅकमध्ये डबा, गळ्यात कंपनीचे ओळखपत्र. कुणी कंपनीच्या बसने, कुणी दुचाकीवर पत्रादेवीला गोव्याची हद्द ओलांडून तुये, करासवाडा, पिळर्ण, अगदी वेर्ण्यापर्यंतच्या कारखान्यांत जातात. 2023 च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि नोकरीचे आणखी एक ठिकाण हाताशी आले. गावातली सूतगिरणी मात्र बंद पडली. तिचे नाव आता पत्ता सांगायला उपयोगी पडते.

या माणसांच्या शिक्षणाचा प्रश्न जरा वेगळा आहे. ती निरक्षर नाहीत. 2011 च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची साक्षरता 85.56 टक्के भरली होती. यांतले कुणी दहावी, कुणी बारावी, कुणी आयटीआय केलेले, तर कुणी पदवीचे दुसरे वर्ष अर्धवट टाकलेले. नोकरी लागली म्हणून शिक्षण सुटले, आणि चार-पाच वर्षांनी बढतीची वेळ आली की नेमके तेच सुटलेले शिक्षण आडवे येते. जवळपास महाविद्यालये नाहीत असे नाही. बांद्याला गोगटे-वाळके आहे, सावंतवाडीला श्री पंचम खेमराज आहे. पण महाविद्यालय दिवसा भरते, आणि यांचा दिवस कंपनीकडे गहाण असतो.

अशा माणसासाठी वेगळ्या धाटणीची छोटी संस्था लागते. तिला प्रवेशाच्या कडक अटी नसाव्यात, तिथले वर्ग पाळीच्या वेळा बघून भरावेत, विषय कामातून निघावेत आणि शिकवणे शिकणाऱ्याच्या भाषेत व्हावे. इंग्रजीत तिला कम्युनिटी कॉलेज म्हणतात, आणि त्या नावामुळे ती अमेरिकेतून आणायची वस्तू आहे असा आपला समज होतो. वास्तविक तिची एक पक्की देशी आवृत्ती 1967 साली मुंबईत वरळीला सुरू झाली. ज्या कामगारवस्तीत ती सुरू झाली तिथे तळकोकणातून गेलेला चाकरमानी चाळीचाळींतून राहत होता. तिचे नाव श्रमिक विद्यापीठ. नावात विद्यापीठ असूनही पदवी देणे हा तिचा धंदा नव्हता, आणि माझ्या मते तिचे सगळे शहाणपण त्यातच होते.

काम सुटल्यावर शिकवण्याची कल्पना आपल्याकडे त्याहून कितीतरी जुनी. 1855 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. मुंबईत प्रार्थना समाजाने एकोणिसाव्या शतकातच कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा चालवल्या. ना. म. जोशी यांनी 1911 साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली, तिच्याही कामात रात्रशाळा आणि वाचनालये होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946 च्या जूनमध्ये सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. तिथे वर्ग सकाळी भरवले गेले, म्हणजे कचेरीत नोकरी करणाऱ्या मुलाला तास आटोपून कामावर जाता यावे. वेळापत्रक हासुद्धा सामाजिक न्यायाचा भाग असतो, हे त्या निर्णयात दिसते. आजही किती प्राचार्यांना हे सुचते, हा प्रश्नच आहे.

रात्रशाळेची मर्यादा दोन ठिकाणी होती. एक म्हणजे अभ्यासक्रम. तो लहान मुलांसाठी बेतलेला. तिशीतल्या बापयाने दिवसभर साचा चालवून रात्री मुलाच्याच इयत्तेचे पुस्तक उघडायचे. दुसरी मर्यादा रात्रीचीच. कामगाराला रात्र मोकळी असते असे रात्रशाळेने धरून चाललेले होते. गिरणीत पहिली पाळी सकाळी सातला लागे, दुसरी दुपारी साडेतीनला, तिसरी मध्यरात्री. दुसऱ्या पाळीचा माणूस संध्याकाळच्या वर्गाला येणार कसा? त्यात भर म्हणून रात्रशाळांचे अर्थकारण नेहमीच नाजूक राहिले. दिवसा एका शाळेत आणि रात्री दुसऱ्या शाळेत शिकवणाऱ्या शिक्षकांवर त्या चालत. 17 मे 2017 च्या शासन निर्णयाने ही दुहेरी नोकरी बंद झाली तेव्हा अनेक रात्रशाळांची घडी विस्कटली.

श्रमिक विद्यापीठाने सुरुवातच उलट्या टोकाकडून केली. मुंबई शहरात प्रौढ शिक्षणाचे काम करणारी समिती 1939 पासून होती. तिच्याच पुढाकाराने हा प्रयोग झाला आणि त्यामागे युनेस्कोच्या बहुउद्देशी प्रौढ शिक्षणाची कल्पना होती. ही कल्पना समजायला सोपी आहे. माणूस वेल्डर असेल तर त्याला फक्त वेल्डिंग शिकवायचे नाही आणि फक्त बाराखडीही शिकवायची नाही. त्याच्या कामाला लागणारे गणित, नकाशा वाचण्यापुरते रेखाटन, डोळ्यांची काळजी, अपघात झाला तर भरपाईचा कायदा आणि अर्ज लिहिण्याची भाषा हे सगळे एकाच छोट्या अभ्यासक्रमात गुंफायचे. विषय ठरवण्याआधी वस्तीत आणि कारखान्यात जाऊन विचारपूस करायची. शिकवायला त्या धंद्यातलाच कसलेला माणूस घ्यायचा. वर्ग कारखान्याच्या आवारात, कल्याण केंद्रात, चाळीतल्या एखाद्या खोलीत, जिथे जमेल तिथे भरवायचे. एक तुकडी संपली की गरज पाहून पुढची. त्यामुळे संस्थेची इमारत लहान असली तरी चालायचे. तिचा पसारा शहरभर असायचा.

कागदावर हे फार साधे वाटते. ते प्रत्यक्षात कसे दिसेल, हे इन्सुलीच्या माणसापुढे रोज येणारे दोन कागद घेऊन पाहू.

पहिला कागद पगारपत्रकाचा. समजा मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 15,000 रुपये आहेत आणि इतर भत्ते धरून एकूण पगार 18,000. भविष्यनिर्वाह निधीला 12 टक्के, म्हणजे 1,800 रुपये कापले जातात. तेवढेच कंपनीने भरायचे असतात, पण त्यातले 8.33 टक्के पेन्शनच्या खात्यात जातात आणि उरलेले 3.67 टक्केच निधीत. म्हणून पासबुकात कंपनीच्या नावापुढे 550 च्या आसपासचा आकडा दिसतो आणि पोरगा म्हणतो, ‘माझे पैसे खाल्ले!’ कर्मचारी विम्यासाठी, म्हणजे ईएसआयसाठी, एकूण पगाराच्या 0.75 टक्के, म्हणजे 135 रुपये त्याचे, कंपनीचे 3.25 टक्के, म्हणजे 585. जादा काम केले तर कायद्याने दर दुप्पट. आता या एका कागदात शेकडेवारी आहे, दशांश अपूर्णांक आहेत, कामगार कायदा आहे, इंग्रजी संक्षेप आहेत आणि मोबाइलवर निधीचा यूएएन क्रमांक टाकून पासबुक बघण्याचे संगणकज्ञानही आहे. शाळेत जो ‘शेकडा किती’ने रडकुंडीला आला होता, तो स्वतःच्या पगारावर तासाभरात ते शिकतो. मी तर म्हणेन, अशा संस्थेचे पहिले क्रमिक पुस्तक पगारपत्रकच असावे.

दुसरा कागद औषध कंपनीतला. गोव्यात औषधनिर्मितीचे कारखाने बरेच आहेत आणि तिथे पॅकिंगला किंवा उत्पादनाला लागलेल्या प्रत्येकाला बॅच रेकॉर्ड भरावे लागते. त्याचे नियम कडक. काम झाले की लगेच शाईने नोंद करायची, आठवून नंतर नाही. वेळ चोवीस तासांच्या घड्याळाने. चूक झाली तर खोडरबर नाही, व्हाइटनर नाही, गिरवणे तर नाहीच. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, तो आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख. कारण त्या गोळीचा उद्या कुणाला त्रास झाला तर तपासणारा माणूस या कागदावरून मागे मागे जात मूळ चुकीपर्यंत पोहोचतो. शाळेने आयुष्यभर शिकवले की खाडाखोड म्हणजे गचाळपणा. इथे चूक लपवणे हा गुन्हा आणि ती दिसेल अशी दुरुस्त करणे हे कौशल्य. हे कारण कुणी नीट समजावून सांगितले तर नियम पाठ करावा लागत नाही. कंपनीतल्या प्रशिक्षणात ते सांगतातही; पण बहुतेक वेळा इंग्रजी स्लाइड आणि हिंदी भाषण अशा मिश्रणातून, अर्ध्या दिवसात, सही घेऊन मोकळे.

इथे भाषेचा मुद्दा येतो, आणि सीमेवरच्या गावात तो सगळ्यांत महत्त्वाचा आहे. इन्सुलीचा मुलगा घरी मालवणी बोलतो. शाळेत शिकला ती पुस्तकी मराठी. कंपनीत शेजारी उभा असलेला पेडण्याचा सहकारी गोव्याची कोकणी बोलतो. ती याला कळते, बोलताना जरा अडखळतो एवढेच. पलीकडच्या मशीनवर ओडिशाचा किंवा झारखंडचा माणूस असतो, त्याच्याशी हिंदी. सुपरवायझर हिंदी-इंग्रजीची भेळ करतो. आणि कागद तेवढा शंभर टक्के इंग्रजी. सरकारदरबारी जायचे तर गोव्यात 1987 च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा आहे, मराठीलाही सरकारी वापराची मुभा आहे. प्रत्यक्षात कामगाराच्या हाती पडणारा फॉर्म बहुधा इंग्रजीच असतो. म्हणजे हा माणूस रोज पाच भाषांतून काम काढतो आणि तरीही मुलाखतीला गेला की ‘लँग्वेज वीक’ असा शेरा मिळवतो!

बहुभाषिक संस्था म्हटले की पाच भाषांचे पाच शिक्षक डोळ्यांपुढे येतात. तेवढे लागत नाही. कामाची विभागणी नीट केली की झाले. संकल्पना समजावायची ती मालवणीत किंवा मराठीत, म्हणजे शंका विचारायला तोंड उघडते. तांत्रिक शब्द इंग्रजीच ठेवायचे, त्यांना संस्कृत प्रतिशब्दांचा अंगरखा घालायचा नाही, कारण उद्या मशीनवर तेच लिहिलेले असणार. लिहिण्याचा सराव इंग्रजी फॉर्मवर करायचा. बोलण्याचा सराव हिंदीत, तोही कामातल्या प्रसंगांवर: पाळी बदलताना पुढच्याला काय काय सांगायचे, बिघाड कसा कळवायचा, रजा कशी मागायची. मुंबईला या गोष्टीचे नवल नाही. तिथे महापालिकेच्या शाळाच मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, कन्नड, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांतून चालत आल्या आहेत. गावाकडे मात्र बहुभाषिकतेकडे आपण अडचण म्हणून बघतो.

शिवाय हा व्यवहार एकतर्फी नाही. आपली पोरे गोव्यात जातात, तशी बाहेरची माणसे सिंधुदुर्गात येतात. चिरेखाणींवर कर्नाटकातली कुटुंबे आहेत, आंब्याच्या बागा राखायला नेपाळी येतात. त्यांना मराठी बोलता येते ती बाजारापुरती. दवाखान्यातला केसपेपर, मुलाच्या शाळेचा दाखला, बँकेतले केवायसी या ठिकाणी त्यांची गत आपल्या पोरांची गोव्यात होते तीच. दहाजणांचा मराठीचा वर्ग त्यांच्यासाठीही भरायला हवा, आणि तो घ्यायला भाषातज्ज्ञ नको. दिवसभर कंपनीत हिंदीतून काम करणारा गावचा मुलगा तो उत्तम घेईल.

आता अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांकडेही एकदा पाहू. तिथे इलिनॉय राज्यात जोलिएट ज्युनियर कॉलेज 1901 मध्ये निघाले. सरकारी कम्युनिटी कॉलेजांत ते पहिले मानतात. पण आपल्याला जवळचे वाटेल ते न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातले लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेज. ते 1971 मध्ये एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत सुरू झाले. आजूबाजूला देशोदेशींहून आलेले कामकरी लोक. सुरुवातीपासून प्रत्येक विद्यार्थ्याला शिक्षणाचा भाग म्हणून काही काळ प्रत्यक्ष नोकरी करावी लागे, म्हणजे काम ही शिक्षणातली आडकाठी न राहता अभ्यासक्रमच झाला. भारतात पाँडिचेरी विद्यापीठाने 1995 मध्ये या नावाची संस्था काढली, 1996 मध्ये मद्रासमध्येही एक निघाली, पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने योजनाही आणली. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी ती असलेल्याच महाविद्यालयाच्या एखाद्या खोलीत, त्याच दिवसाच्या वेळात अडकली.

श्रमिक विद्यापीठाचे पुढे काय झाले? केंद्र सरकारने ती कल्पना उचलून इतर शहरांत नेली. 2000 साली नाव बदलून जन शिक्षण संस्थान झाले आणि ग्रामीण भागही तिच्या कक्षेत आला. 2018 मध्ये योजना शिक्षणाकडून कौशल्य विकास मंत्रालयाकडे गेली. सिंधुदुर्ग जिल्ह्यातही जन शिक्षण संस्थान आहे. साधारण 15 ते 45 वयाच्या, निरक्षरापासून बारावीपर्यंत शाळा सोडलेल्या माणसाला तिथे नाममात्र शुल्कात अल्पमुदतीचे अभ्यासक्रम मिळतात आणि वर्ग गावात येऊन घेतले जातात. लाभ घेणाऱ्यांत बहुसंख्य बायका असतात. शिवण, ब्युटी पार्लर, फळप्रक्रिया यांतून अनेकींच्या हातात पहिल्यांदा स्वतःचे पैसे आले, हे या योजनेचे मोठे काम. पण खाते बदलले तसा भर एकेका कौशल्यावर आला, आणि गणित-कायदा-आरोग्य-भाषा एकत्र गुंफण्याची मूळ गंमत पातळ झाली, असे माझे मत आहे. गोव्याला जाणारा कंपनी कामगार तर या चौकटीत फारसा बसतच नाही.

मग त्याने करायचे काय? वाटा आहेत, फक्त त्या एका ठिकाणी कुणी सांगत नाही. दहावी-बारावी राहिली असेल तर 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षाही आहे आणि तिथे विषय टप्प्याटप्प्याने सोडवता येतात. पदवीसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. 1 जुलै 1989 ला ते स्थापन झाले, राम ताकवले पहिले कुलगुरू, आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद. बारावी न झालेल्यांना तिथे पूर्वतयारी शिक्षणक्रमाची सोय करून दिली, ही त्या विद्यापीठाची मोठी देणगी. वीस वर्षे गवंडीकाम केलेल्या पण कागद नसलेल्या माणसाला, अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याचीही सरकारी योजना निघाली आहे.

या सगळ्यांत एक बारीक कुसळ आहे. मुक्त शिक्षणाची संपर्कसत्रे बहुधा रविवारी असतात. फिरत्या पाळीच्या कामगाराची साप्ताहिक सुट्टी रविवारीच येईल याचा भरवसा नाही. या आठवड्यात सहा ते दोन, पुढच्यात दोन ते दहा, मग रात्रपाळी. म्हणून गावातल्या वर्गाने एक नियम पाळायला हवा: एकच पाठ दिवसातून दोनदा, सकाळी दहाला आणि संध्याकाळी सातला. दुपारपाळीवाला सकाळी येईल, सकाळपाळीवाला संध्याकाळी. रात्रपाळीवाल्याला त्या आठवड्यात झोपू द्यावे. हजेरी दिवसांवर न मोजता तासांवर मोजावी. बुडालेला पाठ व्हॉट्सअॅपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवावा; चलतचित्र पाठवू नये, वाडीत रेंज तेवढी नसते.

खर्चाचे रडगाणे इथे फारसे चालणार नाही. जिल्ह्यात कमी पटाच्या प्राथमिक शाळा गावोगाव आहेत आणि संध्याकाळी त्यांच्या खोल्या रिकाम्या असतात. शिकवायला गावातच माणसे आहेत: निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले, आणि कंपनीत पंधरा वर्षे काढून ऑपरेटर झालेले. त्यांना ग्रामपंचायतीने मानधन द्यावे. प्रौढ शिक्षण आणि वाचनालये ही कामे ग्रामपंचायतीच्या कक्षेतलीच आहेत, आणि दरवर्षीच्या विकास आराखड्यात त्यासाठी तरतूद मागता येते. पहिल्या तीन महिन्यांत पगारपत्रक, बॅच रेकॉर्ड आणि फॉर्म भरणे एवढेच घ्यावे. लोक आले तर पुढे मुक्त विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र मागता येईल. आले नाहीत तर वेळ चुकते आहे की विषय, हे पाळीवाल्यांनाच विचारावे.

इन्सुलीच काय, बांदा, आरोंदा, सातार्डा, दोडामार्ग या सगळ्या पट्ट्यात हा वर्ग चालेल. पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा विषय लेखी अर्ज करून द्या आणि पोच घ्या. तोंडी मांडलेला विषय इतिवृत्तात येत नाही.